मांडीमागचं दुखणं आणि पहिला यम

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३६, राहायला वारज्यात, नोकरी हिंजवडीत. पाठ आखडते म्हणून चार महिन्यांपूर्वी घराजवळ योगवर्ग लावला. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, योगाची सुरुवात आसनापासून नाही, अहिंसेपासून होते. मनाला पटलं. पण पाय लांब करून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात तेच सर 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणत पाठीवर दाबतात आणि गेला महिनाभर माझ्या उजव्या मांडीच्या मागे, अगदी बसायच्या जागी दुखतंय. वर्ग सोडू का? दुसरं म्हणजे, नवशिक्याने अहिंसा पाळायची म्हणजे नेमकं काय करायचं? अंडी-चिकन बंद? आणि तिसरं, वर्गातून शांत होऊन येतो आणि अर्ध्या तासात मुलाच्या अभ्यासावरून त्याच्यावर खेकसतो. मग या सगळ्याचा उपयोग काय?"

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यात एकच दिसतो. पाठीवर हात पडला तेव्हा 'बास' हे तुम्हाला आतून कळलं होतं. मुलावर आवाज चढायच्या क्षणभर आधीही कळतं. कळतं आणि तरी आपण पुढे जातो. का जातो, आणि ते कळणं थोडं आधी कसं ऐकू येईल, हा तुमचा खरा प्रश्न आहे. मी गेली बावीस वर्षं पुण्यात नवशिक्यांना शिकवते, आधी पेठेत एका वाड्याच्या माडीवर आणि आता कोथरूडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. मी डॉक्टर नाही, संस्कृतची पंडितही नाही. त्यामुळे पुढचं जे काही आहे ते मॅटवरून दिसतं तेवढंच.

आधी दुखण्याचं बघू, कारण ते रोज सोबत बसमधून हिंजवडीला जातंय.

मांडीच्या मागच्या भागाला आपण सरसकट 'शिरा' म्हणतो. शिरा आखडल्या, शिरा ताणल्या. तिथे खरं तर स्नायू आहेत, आणि ते बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत गेले की हे स्नायू आणि खुबे दोन्ही आखडतात. मग पाय सरळ ठेवून पुढे वाकायला गेलं की ओटीपोटाचा भाग पुढे कलतच नाही, आणि वाकायचं काम कंबर करते. पाठीची कमान होते. त्या कमानीवर वरून कुणी दाबलं तर जोर जातो दोनच ठिकाणी: कंबरेच्या मणक्यांवर, आणि स्नायू जिथे हाडाला चिकटतो त्या दोरीसारख्या भागावर. तुम्ही म्हणता ती 'बसायची जागा' म्हणजे बहुधा तीच दोरी.

माझ्या वर्गात एक साधी खूण आहे. ताण मांडीच्या मधोमध, मांसल भागात जाणवला तर चालेल. तो हाडाजवळ, सांध्याजवळ, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी जाणवला तर लगेच मागे यायचं. चमक, आग, मुंग्या, बधिरपणा यांपैकी काहीही आलं तर त्या दिवसापुरतं ते आसन संपलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना तीच जागा बोलली तर काल जास्त झालं होतं, मग काल कितीही छान वाटलेलं असो. दोरीसारखा हा भाग रक्तपुरवठ्याच्या बाबतीत गरीब असतो, म्हणून बरा व्हायला स्नायूपेक्षा जास्त वेळ घेतो. आठवडे, कधी महिने. 'ताणून मोकळं करू' हा उपाय तर इथे उलटतो. दुखतंय म्हणून ताणायचं, ताणलं म्हणून दुखतं, असं वर्षभर करत बसलेले लोक मी पाहिलेत.

सध्या पुढे वाकायची सगळी आसनं गुडघे वाकवूनच करा, किंवा काही आठवडे बाजूला ठेवा. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. दुखणं पोटरीपर्यंत खाली उतरत असेल, शिंकताना-खोकताना वाढत असेल, पाय अशक्त वाटत असेल तर उशीर न करता डॉक्टरकडे जा. लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला. हे भीती घालायला लिहीत नाही. मी न बघितलेल्या पाठीबद्दल एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

आता अहिंसेकडे. पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, म्हणजे भागात, पाच यम, म्हणजे पाळायचे नियम, येतात: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. अहिंसा पहिली. हे तुमच्या सरांनी बरोबर सांगितलं. पण बहुतेक वर्गांत तिथेच थांबतात आणि 'स्थिरसुखमासनम्' (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) म्हणून कामाला लागतात. नवशिक्याच्या खऱ्या उपयोगाचं सूत्र यमांच्या सूत्रापासून चार पावलं पुढे आहे, २.३४. त्यात पतंजली हिंसेची चक्क फोड करून दाखवतात. हिंसा तीन प्रकारे घडते: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि होत असताना मान डोलावलेली. तिच्यामागे तीन कारणं: लोभ, क्रोध, मोह. आणि तिच्या तीन मात्रा: मृदु, मध्य, अधिमात्र. हलकी, मधली, तीव्र.

हे घेऊन पश्चिमोत्तानासनात बसा.

लोभ म्हणजे बोटं अंगठ्यापर्यंत पोचली, आता कपाळ गुडघ्याला टेकवायचंय. शेजारची बाई टेकवतेय ना! क्रोध म्हणजे 'चार महिने झाले तरी हे शरीर ऐकत कसं नाही', आणि त्या रागात मारलेला एक हिसका. मोह सगळ्यात चिवट. दुखलं म्हणजे काम झालं, घाम आला म्हणजे व्यायाम झाला, ही समजूत. शाळेत 'छडी लागे छमछम' ऐकत वाढलेल्या पिढीला शिकवताना मला हा मोह रोज भेटतो. परवाच एक काका म्हणाले, "मॅडम, आज काहीच दुखलं नाही, आज काही झालंच नाही का?"

आणि अनुमोदित. सरांचा हात पाठीवर आला, आतून 'बास' आलं, तुम्ही दात आवळले आणि म्हणालात, "हो सर, ठीक आहे." इथे दोष तुमचा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. दाबणाऱ्याची जबाबदारी दाबणाऱ्याचीच, आणि ती मोठी. पण तुम्ही विचारलंत की नवशिक्याने अहिंसा नेमकी करायची कुठे, तर ती याच जागी, त्या 'ठीक आहे'च्या ऐवजी. योगसूत्रांवरच्या व्यासांच्या भाष्यात अहिंसेची व्याख्या आहे: सर्व प्रकारे, सर्व काळी, सर्व भूतांविषयी अनभिद्रोह. अनभिद्रोह म्हणजे द्रोह न करणं, वाईट न चिंतणं. सर्व भूतांत आपला स्वतःचा गुडघा येतो की नाही, यावर भाष्यकार वेगळं काही सांगत नाहीत. माझ्यापुरतं मी ठरवलंय की येतो.

तो का येतो ते मला महागात पडून कळलं. सव्विसाव्या वर्षी मला पद्मासन हवं होतं. खुबा पुरेसा वळत नव्हता. गुडघा हा मुळात बिजागरीसारखा सांधा, पुढे-मागे होण्यासाठी. खुबा वळला नाही की वळायचा सगळा भार त्याच्यावर येतो. मी रोज टाच हाताने ओढून मांडीवर चढवायची. एके दिवशी आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. आठ महिने मी भारतीय पद्धतीच्या संडासात बसू शकले नाही, आणि वाड्यात दुसरी सोय नव्हती. माझ्या बाबतीत तिथे लोभ होता, आणि थोडा दिखाऊपणाही, कारण त्या सुमारास मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि शिकवणाऱ्याला पद्मासन येत नाही हे कसं दिसेल, ही काळजी होती.

यापेक्षा जास्त लाजेची गोष्ट दुसरी आहे. त्याच काळात मीही लोकांच्या पाठीवर दाबायची. मला तसंच शिकवलं गेलं होतं, आणि दाबल्यावर माणूस दोन इंच खाली जातो, तो खूश, आपण खूश. एका बाईंच्या पाठीवर मी असा हात ठेवला आणि त्यांचा श्वास थांबला. हाताला कळलं मला. तरी मी म्हणाले, "सोडा, सोडा, पाठ सोडा." पुढच्या आठवड्यापासून त्या आल्या नाहीत. काही महिन्यांनी लक्ष्मी रोडला भेटल्या, हसून बोलल्या, तक्रार केली नाही, फक्त कंबरेला पट्टा होता. माझ्यामुळेच झालं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. त्यानंतर कुणाला हात लावायच्या आधी मी विचारते, आणि पुढे वाकलेल्या पाठीवर तर हात ठेवतच नाही. हाताने सांगायचंच असेल तर दिशा सांगता येते, जोर लागत नाही.

तेव्हा सरांशी बोला. कसं, ते अवघड वाटत असेल तर वाक्य देते: "सर, पुढे वाकताना मला हात लावू नका, तोंडी सांगा. मागे दुखतंय." वर्ग सुरू व्हायच्या आधी, चपला काढताना सांगा. आसनात अडकलेला माणूस नीट बोलू शकत नाही. आणि 'जरा जपून' असलं मोघम काही नको, कारण जपून म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

पुण्यात हे सांगायला संकोच वाटू नये खरं तर. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली या गावात शिकवायला आले आणि पुढे पट्टे, ठोकळे, खुर्च्या, लोड, भिंतीतले दोर हे सगळं आसनांच्या मदतीला घेण्याची पद्धत त्यांनी इथेच घडवली. १९७५ पासून शिवाजीनगरला त्यांची संस्था आहे. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचं, यासाठी जगभरचे लोक इथे येतात, आणि आपल्याच गल्लीतल्या वर्गात पट्टा मागितला की 'अजून लवचीक नाही वाटतं' अशी नजर! ही नजरही मृदु मात्रेची हिंसाच. आपण पुणेकर तिच्यात तरबेज आहोत, कधी पाटी लावून, कधी नुसती भुवई उडवून.

साहित्य विकत घ्यायची घाई करू नका. पट्ट्याऐवजी जुनी सुती ओढणी चालते, लोडाऐवजी दोन उशा गुंडाळलेली चादर, ठोकळ्याऐवजी पाडव्यानंतर रद्दीत जाणारा एखादा जाडजूड दिवाळी अंकांचा गठ्ठा.

रोज घरी पंचवीस मिनिटं करायचं तर मी तुम्हाला एवढंच देईन. ताडासन, दोन मिनिटं, नुसतं उभं राहून वजन टाचांवर आहे की पंजांवर ते बघत. वृक्षासन भिंतीला हात लावून, पाऊल गुडघ्यावर न टेकवता त्याच्या वर किंवा खाली. पाठीवर झोपून एका पायाच्या तळव्याला ओढणी अडकवून पाय वर, गुडघा वाकलेला, दुखऱ्या बाजूला जेवढं अगदी काहीच दुखणार नाही तेवढंच. सेतुबंध, म्हणजे पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, हळूहळू, कारण त्या दोरीला आत्ता ताणापेक्षा ताकदीची गरज जास्त आहे. पण सेतुबंधातही जागा बोलली तर थांबा. मग कुल्ले भिंतीपासून वीतभर लांब ठेवून पाय भिंतीवर, आणि शेवटी शवासन, मानेखाली घडी घातलेली चादर. रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर सर्वांगासन-शीर्षासनाच्या वाटेला आत्ता जाऊच नका. तसं काही नसेल तरी वर्षभर घाई नाही. सर्वांगासन करायची वेळ येईल तेव्हा खांद्यांखाली चादरींच्या घड्या घेऊन, डोकं खाली जमिनीवर ठेवून करा, म्हणजे मान चेपत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट जास्त मन लावून करायची: आसनातून बाहेर येणं. आत जाताना सगळेच जपून जातात. बाहेर येताना 'सुटलो' म्हणून धाडकन येतात, आणि माझ्या वर्गातल्या बहुतेक चमका, लचका या बाहेर येतानाच्या आहेत. माझ्याकडे ही शिस्त आली ती तत्त्वज्ञानातून नाही. वाड्याच्या माडीवर वर्ग होता, खाली एक आजोबा राहायचे. वीरभद्रासनातून आम्ही वीस जण पाय उचलून एकदम धप्पकन ठेवायचो, आणि खालून छताला काठीचे तीन ठोके यायचे. रोज. मग मी नियम केला, पाय असा ठेवायचा की आजोबांना कळता कामा नये. महिन्याभरात ठोके थांबले, आणि मला दिसलं की लोकांच्या गुडघ्यांच्या तक्रारीही कमी झाल्यात. आवाज न करता पाऊल ठेवायचं तर मांडीचे स्नायू शेवटपर्यंत काम करतात, सांधा एकटा पडत नाही. पुढे कधीतरी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय वाचताना अहिंसेच्या वर्णनात तो भुंगा भेटला, केसर चुरगळेल या शंकेने कमळावर हळुवार पाय ठेवणारा. मी हसले. आमचा भुंगा काठीच्या भीतीने शिकला होता.

दुसरी सवय: आसनात जिथे श्वास बदलतो तिथे थांबायचं आणि तिथून जरासं मागे यायचं. श्वास अडतो, किंवा तोंडाने सुरू होतो, किंवा जबडा आवळला जातो, किंवा वरच्या ओठावर दाब येतो. प्रत्येकाची पहिली खूण वेगळी असते. माझी जबडा. तुमची शोधा. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात प्राणायामाबद्दल सांगितलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे शनैः शनैः वश होतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. 'हळूहळू' हा शब्द तिथे दोनदा आहे आणि तो शोभेसाठी नाही. वाघासमोर कुणी 'अजून थोडं' म्हणत नाही.

इथे एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर आळशी मंडळी माझं नाव सांगतील. मागे येणं म्हणजे ढिलं पडणं नव्हे. ताडासनात पाय थरथरेपर्यंत उभं राहणं ही हिंसा नाही, स्नायूचं थकणं आहे. थरथर चालते. काहींचे सांधे मुळातच फार सैल असतात, कपाळ गुडघ्याला पहिल्या दिवशी टेकतं. त्यांना काही दुखत नाही, आणि म्हणून त्यांना सगळ्यात जास्त जपावं लागतं. त्यांच्यासाठी अहिंसा म्हणजे जिथे जाता येतं तिथे न जाता अलीकडे, ताकदीने थांबणं. तुमच्या शेजारची ती कपाळ टेकवणारी बाई कदाचित यातली असेल. तिच्याकडे बघून जे वाटतं त्यावर पहिल्या पादातलं १.३३ सूत्र आहे: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता, अपुण्यवानाविषयी उपेक्षा. मुदिता, म्हणजे दुसऱ्याचं चांगलं बघून बरं वाटणं, हे चारांत अवघड. वर्गात त्याचा सराव फुकट होतो.

आता अंडी-चिकन. यावर ठाम उत्तर देणारे पुष्कळ भेटतील, दोन्ही बाजूंचे. माझ्या वर्गात कोकणातून आलेल्या बायका आहेत, ज्यांच्या घरी सोमवार-गुरुवार सोडला तर मासे असतात, आणि जन्मात अंडं न खाल्लेले लोक आहेत. कोण अधिक अहिंसक याचा हिशेब मला ताटावरून लागलेला नाही. सूत्रांचं स्वतःचं म्हणणं मात्र मऊ नाही. २.३१ म्हणतं, यम हे जात (प्राण्याची), देश (ठिकाण), काळ, समय (प्रसंग) यांनी न मर्यादलेले सार्वभौम महाव्रत आहेत. त्यावर व्यास मर्यादित अहिंसेची उदाहरणं देतात. मासे पकडणारा म्हणतो, मी फक्त माशांनाच मारतो, इतर कुणाला नाही. दुसरा म्हणतो, तीर्थक्षेत्री मारणार नाही. तिसरा म्हणतो, चतुर्दशीला आणि पुण्यदिवशी मारणार नाही. वाचताना मला आपला श्रावण आठवतो, आणि त्याच्या तोंडावरची गटारी अमावास्या. हजारेक वर्षांहून जुना भाष्यकार आपल्याला इतकं बरोबर ओळखतो!

तर सूत्रांचं टोक तिकडे आहे. पण टोकापासून सुरुवात करायची तर आपण पुन्हा 'अजून थोडं'मध्येच अडकतो. चिकन सोडलं, मग घरात सोडायला लावलं, मग आईने केलेलं सुकं बघून नाक मुरडलं, असा प्रवास मी पाहिलाय. तुमचं वय, रक्तातलं हिमोग्लोबिन, घरचं जेवण कोण रांधतं, यावर बरंच अवलंबून आहे. आज ठरवू नका. वर्षभर साधना झाली आणि तुम्हालाच नको वाटायला लागलं तर आपोआप सुटेल. नाही सुटलं तर तेव्हा बघू.

त्या मर्यादांपैकी 'देश' ही मर्यादा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला मात्र थेट लागू होते. मी मॅटवर कुणाला दुखावत नाही. वर्गातून बाहेर पडल्यावर बघू! आमच्याकडे संध्याकाळच्या वर्गाच्या शेवटी शांतिपाठ होतो, आणि बरोबर चार मिनिटांनी खाली पार्किंगमध्ये "गाडी अशी लावतात का?" सुरू होतं. तेच लोक. मीही त्यात असते कधी कधी. याचा अर्थ शांतिपाठ खोटा होता असा नाही. तो चटईपुरता होता.

तुम्ही म्हणता, वर्गातून शांत होऊन येतो. मला वाटतं, शांत नाही, थकून येता. दिवसभर काम, दोन तास प्रवास, त्यावर दात आवळून केलेला तासभर व्यायाम, पोटात भूक, आणि समोर पाढे चुकवणारा मुलगा. शवासनातली ती शांतता बरीचशी सुटकेची असते. माझा पहिला सल्ला म्हणूनच अगदी गद्य आहे: वर्गातून आल्यावर आधी खा, मग अभ्यास घ्या. किंवा त्या दोन-तीन दिवशी अभ्यास घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यावा.

दुसरा सल्ला थोडा सरावाचा. आसनात तुम्ही जी पहिली खूण शोधलीत, जबडा म्हणा, श्वास म्हणा, तीच खूण वहीसमोर बसताना येते. शरीराकडे रागासाठी वेगळी आणि पश्चिमोत्तानासनासाठी वेगळी यंत्रणा नाही. मुलगा सात आठे चोपन्न म्हणाला, जबडा आवळला गेला. मॅटवर तुम्ही इथे काय करता? थांबता, जरासं मागे येता, श्वास सोडता. तेवढंच करा. खुर्ची वीतभर मागे सरकवा, खरोखर, अंगाने. मग बोला. बोलायचं ते छप्पन्नच आहे, पण आवाज वेगळा येतो.

कधीकधी उशीर होतो आणि खेकसून होतं. तेव्हा स्वतःला फटकारत बसू नका, तो क्रोधाचाच दुसरा हप्ता. २.३३ मध्ये प्रतिपक्षभावन सांगितलंय, उलट बाजूचा विचार जाणूनबुजून आणणं. माझ्या घरी त्याचं भाषांतर असं झालंय की मी मुलीला सांगते, "मगाशी आवाज चढला, तो तुझ्या गणितामुळे नव्हता, मला भूक लागली होती." ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि मी चिडले की आधी विचारते, "आई, जेवलीस का?"

मुलाला हवं असेल तर वृक्षासनात सोबत उभं करा, भिंतीपाशी. शिकवू नका. तो तुमच्यापेक्षा जास्त वेळ उभा राहील, आणि तुम्हाला मुदितेचा सराव होईल.

राहिला वर्ग सोडण्याचा प्रश्न. आत्ता ठरवू नका. पुढच्या तासाला चपला काढताना ते वाक्य सांगा आणि सर काय करतात ते बघा. त्यांनी 'बरं झालं सांगितलंत' म्हणून घडीची चादर आणून दिली, गुडघे वाकवायला सांगितले, तर तुम्हाला चांगला शिक्षक मिळालाय. त्यांना आजवर कुणी सांगितलंच नसेल, मला त्या बाईंनी सांगितलं नव्हतं तसं. त्यांनी 'दुखल्याशिवाय सुटणार कसं' म्हणून पुन्हा हात ठेवला, तर तिथेच आसनातून हळू बाहेर या, आजोबांना ऐकू जाणार नाही असे, आणि महिना संपायची वाट न बघता दुसरा वर्ग शोधा. भरलेली फी गेली तर गेली. आणि दुखण्याचं फिजिओने काय सांगितलं ते इथे खाली लिहा. त्यावरून सेतुबंध चालू ठेवायचं की नाही ते सांगते.